कुलपातली धवलारीण

माझ्या गळ्याची आन, यातला शब्द न् शब्द खरा हाय. कुणाला खोटं वाटत असंल तर कळंबात येऊन विचारा. निम्मं गाव टेंपोत होतं.

गेल्या वैशाखात माझ्या नातवाची, ऋतिकची हळद. आमच्याकडं धवलारीण गायल्याबिगर हळद लागत नाय. डीजे कितीबी मोठा आणा, ती बाई मांडवात बसून नवऱ्याच्या आईबापाचं, मामाचं, काकाचं नाव गाण्यात घेत नाय तवर वाटीत बोट घालायचं नाय. आमची धवलारीण पोशीरची सुंदरा. हसरी बाई, गळा असा की गाभण म्हैस उठून उभी राहील.

दुपारी तिचा फोन आला. "आजी, मी येत नाय. ह्यांनी भायेरून कुलूप घातलंय."

मी म्हटलं, धवलारीण मांडवात येत नाय तर मांडव धवलारणीकडं जाईल. टेंपो काढला. मुंडावळ्या बांधलेला ऋतिक, पाट, हळदीचा टोप, बाया, पोरं, सगळं वर. टेंपो एवढा लांब भरला की पुढचं चाक पोशीरला पोचलं तवा मागचं कळंबातच होतं.

सुंदराचा नवरा सहदेव ओटीवर बसलेला. किल्ली कमरेच्या करगोट्याला.

"काय रं सहदेवा, बायको कोंडलीस?"

"कोंडली नाय आजी, जपून ठेवलीय. तुमीच न्याय करा. परवा शेलूला गायली, तर नवरदेवाच्या मामाचं नाव सात वेळा घेतलं. मी मोजलं. मामा कोण, तर तो ढेरपोट्या जगदीश. त्याला म्हणती, चंद्रासारखा. चौदा वरसं झाली लग्नाला, माझं गाण्यात एकदा तरी घेतलंय? गळा माझ्या घरचा न् उजेड लोकांच्या दारात. मी बोललो, हळू हास. हसतीच. बोललो, गाऊ नको. तर भांडी घासताना गुणगुणती. मग काय करू?"

"अरं, उखाण्याबिगर बायको नवऱ्याचं नाव घेती का कदी?"

"मामाचं घेती ना."

 आमी त्याच्याच अंगणात पाट मांडला, ऋतिकला बसवला, न् मी खिडकीशी जाऊन बोलले, "सुंदरे, आतूनच गा गं."

आतून हसू आलं. "गाते. पण अंगण ज्याचं, त्याचं नाव आधी घ्यायला लागंल, आजी. रीत हाय."

न् लागली गायला.

*हळद आली गं अंगणी, अंगण कुणाचं गं,*
*अंगण सहदेवरायाचं, पोशीरच्या धन्याचं गं.*

सहदेव उठून उभा राहिला. कान दाराला लावला. दुसरं कडवं सुरू झालं, बायांनी टाळ्या धरल्या, तर आमच्यावरच खेकसला. "हळू ना गं, नाव नीट ऐकू येत नाय."

"दार जाड हाय तुजं," मी बोलले.

बराच वेळ घुटमळला. तिसऱ्या कडव्याला त्यानंच करगोट्याची किल्ली सोडली न् कुलूप काढलं. नुसतं नीट ऐकू यावं म्हणून.

सुंदरा गातगात भायेर आली. त्याच्यासमोर उभी राहून त्याचं नाव पुन्हा एकदा घेतलं, त्याच्या हातातलं कुलूप काढून स्वतःच्या पिशवीत टाकलं, न् सरळ टेंपोकडं निघाली. आमी पाट उचलून मागं.

"परत येशील ना गं?" सहदेव बोलला.

"दार उघडं ठेवा," ती बोलली, न् टेंपोत चढली.

कळंबात हळद अशी लागली की ऋतिक चार दिवस पिवळा होता. सुंदरा सांजच्याला घरी गेली. कुलूप तिच्याकडंच हाय, पापडाच्या डब्यावर घालती.

आता एक सांगून टाकते. "परत येशील ना" हे सहदेव बोलला नाय. तो नुसता खाली वाकला, उंबऱ्यापाशी पडलेल्या तिच्या चपला उचलल्या न् टेंपोपाशी नेऊन तिच्या पायाशी सरळ ठेवल्या. त्याचं बोलणं मी घातलं. त्याच्या तोंडातून निघंना, मग कुणीतरी बोलायला नको?