गुलाबदाणीतलं तीर्थ

जामच्या चौरस्त्यावर ट्रक थांबतात, लक्झरी थांबतात, नागपूरहून हैदराबादला निघालेले लोक चहाला थांबतात. त्या रविवारी सकाळी मात्र अख्खं गाव थांबलं होतं ते कैलास उमाटेच्या दारासमोर, कारण तिथे एका मोटारीची करणी उतरवली जाणार होती.

माणसाच्या अंगातलं भूत काढणारे बाबा पुष्कळ असतात. चाकनाथ महाराजांनी हा धंदा काळाच्या पुढे नेला होता. ते फक्त वाहनांचं बघायचे. ट्रक, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, फार गळ घातली तर मोटरसायकलसुद्धा. "माणूस खोटं बोलते, गाडी खोटं नाई बोलत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. त्यांच्या सगळ्या वाक्यांत खरं असं हे एकच असावं, आणि त्या दिवशी तेच त्यांना भोवलं.

गाडी कैलासने दिवाळीत घेतली होती. पांढरी स्वच्छ. चौरस्त्यावरच्या आपल्या टायरच्या दुकानात दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं बदलण्यात त्याची निम्मी उमर गेली होती. त्यामुळे स्वतःची गाडी दारात उभी राहिली तेव्हा तो तिला लेकरासारखा जपायला लागला. होळीच्या सुमारास तिच्या डाव्या बाजूवर डाग उमटले. मोहरीएवढे, तांबूस, दाराच्या कडेपासून बॉनेटपर्यंत. साबणाने निघेनात, पेट्रोलने निघेनात. कैलासची आई मंदाबाई हिने दंतमंजनही घासून पाहिलं. उजवी बाजू मात्र जशीच्या तशी दुधासारखी.

"गंज असंल," कैलासची बायको अंकिता तेव्हा म्हणाली होती.

"पाच महिन्याच्या गाडीले गंज लागते का?" कैलासने विचारलं होतं. अंकिताने फडकं मारताना एक गोष्ट पाहिली होती. डाव्या खिडकीच्या काचेवरही तसलेच बारीक कण होते आणि त्यांना फडकं अडकत होतं. काचेला गंज कसा लागेल, हे तिलाही कळेना.

मंदाबाईला मात्र सगळं कळलं होतं. गाडी आली त्या दिवशी सुवासिनींनी ओवाळलं. मंदाबाईची जाऊ वच्छला, म्हणजे कैलासची काकू, लांबच उभी राहिली. विधवेने पुढे व्हायचं नसतं हे तिला कोणी सांगावं लागत नव्हतं. सगळे पेढे खायला आत गेल्यावर तिने एकटीने गाडीच्या डाव्या अंगावरून तळवा फिरवला होता. मंदाबाईने ते खिडकीतून पाहिलं होतं, आणि डाग आले तेही नेमके डावीकडे. एवढा पुरावा मिळाल्यावर माणूस आणखी कशाला शोध घेतो?

ही वच्छलाकाकू उजवीकडच्या घरात, भिंतीला भिंत लावून एकटी राहायची. अंकिता हिंगणघाटच्या पतसंस्थेत नोकरीला होती. तिची चार वर्षांची ओवी दिवसभर काकूच्या मांडीवर वाढत होती. होळीनंतर मंदाबाईने ओवीला काकूकडे पाठवणं बंद केलं. पोरगी भिंतीशी उभी राहून हाका मारायची आणि पलीकडून ओ यायची नाही, कारण काकूलाही ताकीद मिळाली होती. अंकिता हे रोज संध्याकाळी घरी येऊन ऐकत होती आणि आतल्या आत जळत होती.

महाराज उतरले ते काळ्या चष्म्यासह. मागे एक शिष्य, त्याच्या खांद्यावर झोळी. शिष्याने आल्याआल्या विचारलं, "घरात गुलाबदाणी आहे का? तीर्थ धातूच्याच भांड्यात लागते." अंकिताच्या रुखवतातली जर्मन सिल्व्हरची गुलाबदाणी माळ्यावरून खाली आली. शिष्य ती घेऊन महाराजांच्या गाडीच्या आडोशाला गेला आणि भरून परतला. आता त्याच्या हातांत पिवळे रबरी मोजे होते. तीर्थाला मोजे कशाला, असं कोणाच्याही मनात आलं नाही. मंदाबाईने तर रीतीप्रमाणे उजवा तळहात पुढे केला. शिष्याने चटका बसल्यासारखी गुलाबदाणी मागे ओढली.

"माताजी, हे गाडीचं तीर्थ आहे. माणसाचं नाई."

महाराजांनी बॉनेटवर कान टेकला.

"देखो," महाराज म्हणाले, "हर गाडी में जान होती है. इंजन म्हणजे हृदय, हवा म्हणजे श्वास, रंग म्हणजे चामडी. चामडीवर फोड काऊन येते? आत जहर असते म्हणून. ही गाडी रडून राह्यली आहे, बेटा. तुमाले ऐकू नाई येत, मले येते."

गाडी बंद होती हे सांगायला हवं. पण पुढच्या रांगेतल्या दोघांना रडणं ऐकू आलं.

महाराजांनी आधी उजव्या बाजूवर तीर्थ शिंपडलं. पाण्यासारखं घरंगळून गेलं. मग ते डावीकडे आले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि गुलाबदाणी झटकली. क्षणभर काहीच झालं नाही. मग एकेका डागातून जांभळट लाल धार फुटली. पांढऱ्या दारावरून ओघळ उतरू लागले, बंपरवरून थेंब खाली मातीत पडायला लागले. गर्दी दोन पावलं मागे सरली. "रगत," कोणीतरी हळूच म्हणालं, आणि बायकांनी लेकरांचे डोळे झाकले.

"करणीचं रगत जांभळंच असते," महाराजांनी माहिती पुरवली. मग शिष्याने पाण्याची बादली ओतली आणि डाग गेले. खरोखरच गेले. गाडी पुन्हा पांढरी झाली. कैलासने महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं.

"उठ बेटा. आज निघाले, पण उद्या फिरून येतील. ज्या हातानं हे केलं तो हात या भिंतीले लागून आहे. अमावस्येच्या आत तो हात इथून गेला पाहिजे. नाईतं आज गाडी रगत ओकली, उद्या गाडीत बसणारं ओकंल."

कोणाचं नाव घेतलं नाही. त्याची गरजच नव्हती. सगळ्या माना उजवीकडे वळल्या. वच्छलाकाकू आपल्या दारात उभी होती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"वच्छला, तू तळेगावले भावाकडं चालली जाय," मंदाबाई म्हणाली. "भांडण नाई कराचं मले. माह्या लेकरायचा जीव आहे."

गावातले वडीलधारे नानाजी तिथेच होते. त्यांनी घसा खाकरला, पण पुढे काही बोलले नाहीत.

जेवणाची पानं मांडायला सुरुवात झाली. शिष्याने मोजे काढून झोळीत टाकले आणि गुलाबदाणी अंकिताच्या हातात दिली. "चांगली धुवून ठेवजा, ताई."

ती स्वयंपाकघरात आली आणि झाकण काढताच तो वास तिच्या नाकात शिरला. सडक्या अंड्यासारखा, वर अत्तराचा हात फिरवलेला. हा वास तिने कुठेतरी घेतला होता, आणि नुसता घेतला नव्हता, सोसला होता. भावाच्या लग्नाआधी हिंगणघाटच्या पार्लरमध्ये तिने केस सरळ करून घेतले होते. तेव्हा लावलेल्या औषधाचा हाच वास. लग्नात वऱ्हाडी मंडळी तिच्यापासून हातभर लांब बसली होती.

म्हणजे हे औषध होतं. कसलं तरी औषध. पण लालजांभळं काय झालं? आणि फक्त डागांवरच का?

तिने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात जुनी विळी होती, पात्यावर गंज चढलेली. तळाशी उरलेले थेंब तिने पात्यावर टाकले आणि वाट पाहिली. विळीला रक्त आलं.

अंकिता पाटावर बसली. आपण हसतोय की रडतोय हे तिला क्षणभर कळलं नाही. मग ती विळी आणि गुलाबदाणी दोन्ही घेऊन अंगणात आली. महाराजांच्या पानात पुरणपोळीवर तूप पडत होतं.

"महाराज, थोडं तीर्थ आणखी द्या ना," ती म्हणाली. "आमच्या विळीले पण करणी झाली."

विळी तिने पानासमोर ठेवली. जांभळे ओघळ अजून ओले होते.

"हे काय करून राह्यली तू?" कैलास उठला. "महाराज जेवून राह्यले."

"जेवू द्या. विळीवर कोणाचा हात फिरला ते तेवढं सांगू द्या. माहा फिरते, आईचा फिरते. आमी दोघी कुठं जायचं, अमावस्येच्या आत?"

मंदाबाईचा हात तुपाच्या भांड्यावरच थांबला.

"वहिनीच्या अंगात बाधा शिरली," शिष्य घाईने म्हणाला आणि झोळीकडे सरकला. झोळी अंकिताच्या जास्त जवळ होती. तिने वरचे मोजे बाजूला करून आतली प्लास्टिकची बाटली काढली. लेबल खरवडून काढलेलं होतं. बाटली गुलाबदाणीत ओतून ती अंगणाच्या डाव्या बाजूच्या बुटक्या भिंतीशी गेली.

भिंतीपलीकडे रत्नदीपचं वेल्डिंगचं शेड होतं. तिथे दिवाळीपासून एक भलंमोठं लोखंडी फाटक बनत होतं. वर चक्राची नक्षी, मधोमध महाराजांचं नाव. मठासाठीचं हे काम सेवा म्हणून कैलासनेच रत्नदीपला मिळवून दिलं होतं. महिनोन्‌महिने तिथे ग्राइंडर किंचाळत होता. आज महाराज येणार म्हणून तेवढा बंद होता.

"रत्नदीपभाऊ, याच्यावर शिंपडू?"

रत्नदीप गर्दीतच होता. "शिंपडा वहिनी. अजून रंग नाई लावला त्याले."

तिने भिंतीवरून हात लांब करून गुलाबदाणी झटकली. फाटकाच्या सळया, चक्र, महाराजांचं नाव, सगळं जांभळं व्हायला लागलं. नावाच्या अक्षरांतून तर धारा लागल्या. यावेळी कोणी लेकरांचे डोळे झाकले नाहीत.

"ग्राइंडर चालला का ठिणग्या कुठं जाते, भाऊ?"

"इकडंच येते ना," रत्नदीप ओशाळून म्हणाला. "ठिणगी म्हणजे लोखंडाचा जळता चुराच. वारा असला का तुमच्या अंगणात. मी कैलासभाऊले म्हटलंतं, गाडी तिकडून लावा म्हणून. ते म्हणे, मठाचं काम आहे, राहू दे."

आता अंकिताला काचेचं कोडंही सुटलं. "गाडी गंजलीच नाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "गरम चुरा रंगात रुतला, काचेवरबी चिकटला, आणि मग तो चुरा गंजला. या बाटलीतलं औषध लोखंडाले लागलं का जांभळं होते आणि गंज ओढून काढते. उजवीकडं चुरा नाई, म्हणून उजवीकडं रगत नाई. आणि काकूचं घर तं उजवीकडंच आहे."

कैलास फाटकाकडे बघत उभा होता. त्याचा चेहरा पडला. "मागच्या वर्षी कंपनीचा माणूस दुकानात आलता," तो पुटपुटला. "रिम साफ कराचं औषध दाखवून गेलता. रिम अशीच जांभळी झालती. हाच वास."

त्याने हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा ते बाटलीत होतं, म्हणून त्याने भाव विचारला. आज ते गुलाबदाणीत होतं, म्हणून त्याने डोकं टेकलं.

महाराज उठले. "श्रद्धा नसंल तिथं आमी पाणीबी नाई पेत."

"पाणी नका घेऊ. तीर्थ घ्या," अंकिताने गुलाबदाणी पुढे केली. "पळीभर."

महाराजांनी ते घेतलं नाही. आता नानाजींचा घसा मोकळा झाला. "बाईले करणीवाली ठरवून घराबाहेर काढणं कायद्यानं गुन्हा आहे, महाराज. पोलिसात सांगाचं का आमी?" हे त्यांना अर्ध्या तासापूर्वीही माहीत होतं. महाराजांची गाडी हैदराबादच्या दिशेने गेली, मठ नागपूरच्या दिशेला असूनही.

रत्नदीपने दुसऱ्याच दिवशी भिंतीवर ताडपत्री बांधली. डाग पुन्हा आले नाहीत, आणि ती काही महाराजांची कृपा नव्हती. गाडीवर डाग पडला तर आधी शेजारी काय चाललंय ते बघावं, बोटाने चाचपावं, कोणत्या बाजूला आहे आणि कोणत्या नाही ते विचारावं. त्याला फार शिक्षण लागत नाही. गाव एवढंच विसरलं होतं, आणि त्यापायी एका बाईचं घर जायची वेळ आली होती.

ओवी परत काकूच्या घरी जायला लागली. पुढच्या दसऱ्याला गाडीची पूजा होती तेव्हा मंदाबाई स्वतः काकूला बोलवायला गेली. "तूच ओवाळ पहिले, वच्छला," ती म्हणाली. तिला याहून जास्त माफी मागता येत नव्हती.

काकू आली. तिने निरांजन लावलं, नीट ओवाळलं, अक्षता टाकल्या.

"हात लाव ना वं," मंदाबाई म्हणाली.

काकू हसली. ताट खाली ठेवलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.