स्लॅबच्या घरातली शेगडी

घरात बाळ आलं की ज्याला त्याला काहीतरी सांगायचं असतं. कुणी म्हणतं डिंकाचे लाडू द्या, कुणी म्हणतं कान बांधा, कुणी म्हणतं पाणी कमी पाजा. या सगळ्या गलक्यात एक माणूस मात्र असा असतो, ज्याला कुणी काही विचारत नाही आणि जो स्वतःही तोंड उघडत नाही. तो म्हणजे बाळाचा बाप.

हिंदुराव असाच एक बाप. येरवड्याजवळच्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. त्याची बायको शकू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, धायरीला गेली होती. डिसेंबरच्या थंडीत मुलगी झाली. हिंदुरावने कारखान्यात पेढे वाटले आणि बाराव्या दिवशी, रविवार साधून, तो मुलीला बघायला सासुरवाडीला आला.

सासूबाई सोजरबाई दारातच उभ्या होत्या. नवऱ्याच्या माघारी त्यांनी एकटीने शेती सांभाळली होती, आणि दोन वर्षांपूर्वी जुनं कौलारू घर पाडून तिथे पक्कं स्लॅबचं घर बांधलं होतं. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. लेकीच्या बाळंतपणात काही कमी पडू द्यायचं नाही, असा त्यांनी चंगच बांधला होता.

शकू ओट्यावर ऊन खात बसली होती. डोक्याला घट्ट रुमाल, ओठ सुकलेले. तिला बघून हिंदुराव पिशवी खाली ठेवून तिच्याजवळ गेला.

"काय गं, बरं नाही का?"

"डोकं लई दुखतंय, अवो. सकाळी न्हाऊन खोलीत गेलं की सुरू होतं. मळमळतं. दुपारी हितं बाहेर बसलं की उतरतं."

"आणि बाळ?"

"नुसतं झोपतंय. आंघोळीनंतर तर दूधसुदिक ओढत न्हाई."

"दृष्ट लागलीया," सोजरबाई मधेच म्हणाल्या. "सांजच्याला उतरवून टाकते. तुमी आत या, पाव्हणं."

हिंदुराव आत गेला. बाळंतिणीची खोली छोटी होती. खिडकीच्या सरकत्या काचा बंद, आणि त्यांच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासून बसवलेल्या. दाराच्या खालच्या फटीला लावायला घोंगडीची गुंडाळी तयार. खाटेखाली शेगडी. रोज सकाळी आंघोळ झाली की मायलेकींना त्या खोलीत निजवायचं, शेगडीत निखारे घालायचे, त्यावर ओवा आणि शेपा टाकून धुरी द्यायची आणि दोन तास दार उघडायचं नाही, असा सोजरबाईंचा नेम होता.

खोलीत उभं राहूनच हिंदुरावला घुसमटल्यासारखं झालं.

"मामी," तो चाचरत म्हणाला, "जरा खिडकी उघडली तर?"

सोजरबाई हसल्या. "पाव्हणं, ह्या बायकांच्या गोष्टी हायती. वारं लागलं म्हंजे जल्माचं दुखणं. तुमी च्या घ्या."

जावयाने सासूला बाळंतपणातलं काय शिकवायचं? पण चहाचा कप त्याने तसाच खाली ठेवला. शकूचे सुकलेले ओठ डोळ्यांपुढून जाईनात. शेवटी पान खाऊन येतो असं सांगून तो बाहेर पडला.

वरच्या मजल्यावर मंदाकिनीबाई भाड्याने राहत होत्या. बुधवार पेठेत जन्म गेलेला, तीस वर्षं सूतिकागृहात परिचारिका म्हणून नोकरी केलेली, आता निवृत्त. जिन्यापाशी कपडे वाळत घालताना त्यांनी हिंदुरावला येरझाऱ्या घालताना पाहिलं.

"काय हो जावईबापू, मुलगी झाली म्हणून चेहरा पडलाय का?"

"नाही हो बाई! मुलगी पाहिजेच होती मला." आणि मग, कुणीतरी विचारलं एवढ्यानेच, त्याने सगळं सांगून टाकलं. डोकेदुखी, मळमळ, बाळाचं झोपून राहणं, बंद खोली.

मंदाकिनीबाईंच्या हातातली ओली चादर तशीच राहिली.

"बाहेर आली की दुखणं उतरतं म्हणाली? नक्की?"

"हो."

"मग ही दृष्ट नव्हे, अहो. तो निखाऱ्यांचा वायू आहे. त्याला रंग नाही, वास नाही. लोकांना वाटतं, धूर थांबला, निखारे लाल झाले, आता भीती नाही. पण ते लाल निखारेच बंद खोलीत जीव घेतात. माणसाला गुंगी येते, हातपाय उचलत नाहीत, आणि ओरडायचं म्हटलं तरी ओरडता येत नाही. बाळाची तर गोष्टच सोडा."

"मग तुम्ही मामींना सांगा ना!"

"दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, तुमाला लेकरू न्हाई, तुमाला काय कळतंय. त्यानंतर मी खाली उतरले नाही." त्यांनी चादर दोरीवर टाकली. "रागाने उतरले नाही. ते माझं चुकलं. पण आपण बाळाचे वडील आहात. आपलं त्यांना ऐकावं लागेल."

"मी जावई माणूस, सासूबाईंना कसं बोलू?"

"बरं, नका बोलू. सासूबाईंचा मान राखा. बायको-मुलीचं काय ते बघू मागाहून."

बोलायचंच, असं ठरवून हिंदुराव घरात आला. पण तिथे तोपर्यंत भावकीतल्या बायका बाळ बघायला जमल्या होत्या. सोजरबाई कौतुकाने सांगत होत्या, "लेकीला वाऱ्याची झुळूकसुदिक लागू दिली न्हाई म्या." एवढ्या बायकांसमोर त्याची जीभ उचलली नाही. "मामी, शेगडी जरा..." एवढंच तो म्हणाला. "व्हय व्हय, कोळसा भरपूर हाय," असं म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं.

सोमवारी त्याचं कामात लक्ष नव्हतं. त्याने एकाचा माल दुसऱ्याला दिला. मंगळवारी त्याने मंदाकिनीबाईंकडे फोन केला. त्या अभिमान गिळून खाली जाऊन आल्या होत्या. "सकाळी शकूला उलटी झाली," त्यांनी सांगितलं. "मला खोलीत जाऊ दिलं नाही. सोजरबाई म्हणाल्या, बाळंतीण निजलीय."

बुधवारी सकाळी हिंदुराव कारखान्यात आला, खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला. घड्याळात साडेआठ झाले होते. आता शकूची आंघोळ आटोपली असेल. आता निखारे घातले असतील. आता दार लावलं असेल. साहेबांना काय सांगायचं हेही न ठरवता त्याने डबा तिथेच सोडला आणि तो बाहेर पडला.

स्वारगेटपर्यंत एक बस, तिथून दुसरी. सिंहगड रस्त्यावर बस खोळंबली. पुढे वाळूचा ट्रक बंद पडला होता. हिंदुराव दोनदा दारापर्यंत गेला, दोनदा परत आला. कंडक्टर म्हणाला, "अहो, तुम्ही ढकललं तर पटकन निघेल." लोक हसले. हिंदुराव खाली उतरला आणि चक्क पळत सुटला. पुढे एका मोटारसायकलवाल्याने त्याला मागे घेतलं.

सोजरबाई अंगणात अळीव निवडत होत्या.

"पाव्हणं? आज कसं काय?"

"शकू कुठाय?"

"निजलीया. दार उघडू नगा, आत्ता तासभर झालाय शेक..."

"शकू!" हिंदुरावने हाक मारली. उत्तर नाही. "शकू!" बाळाचं कुरकुरणंही नाही.

सोजरबाई दारापुढे आडव्या झाल्या. "वारं लागंल तिला!"

आणि मग जे तीन दिवसांत जमलं नव्हतं ते झालं. "मामी, बाजूला व्हा!" हिंदुराव ओरडला. "माझी बायको आहे ती, माझी मुलगी आहे! सरका आधी!"

त्याने दार ढकललं. घोंगडीची गुंडाळी आत सरकली. गरम, जड हवा तोंडावर आली. शकू खाटेच्या कडेला अर्धी लोंबकळत होती. तिने उठायचा प्रयत्न केला असावा. पाय जमिनीला टेकले होते, पण देह मागे कोसळला होता. बाळ तिच्या हाताशी होतं. हात लावला तर मान लुळी पडली!

"बाई!" हिंदुरावने बाळाला छातीशी धरून बाहेर धाव घेतली. "मंदाकिनीबाई!"

त्या जिन्यावरून जवळजवळ पडतच खाली आल्या. "बाळ माझ्याकडे द्या! तुम्ही शकूला बाहेर काढा. सोजरबाई, रडू नका, रिक्षा बोलवा! रिक्षा!"

हिंदुरावने शकूला उचलून ओट्यावर निजवलं. मंदाकिनीबाईंनी बाळाचं तोंड मोकळं केलं, पाठ चोळली, पायाच्या तळव्यावर टिचक्या मारल्या. काही नाही. मग आपलं तोंड बाळाच्या नाकातोंडावर ठेवून त्यांनी हलकेच फुंकर घातली. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. अंगणात शेजारपाजारची माणसं जमली. आणि बाळाने एक उसासा टाकला! मग मांजरीच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला. एवढासाच आवाज, पण तो ऐकून हिंदुराव शकूच्या कानाशी वाकून तिला हाका मारू लागला.

दवाखान्यात दोघींना प्राणवायू लावला. दुपारपर्यंत शकू डोळे उघडून बोलू लागली. बाळ दोन दिवस देखरेखीखाली राहणार होतं, पण डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. अजून अर्धा तास गेला असता तर मी काही सांगू शकलो नसतो."

बाहेरच्या बाकावर सोजरबाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, "माज्या आईनं शेगडी घेतली. सासूनं घेतली. म्या तीन लेकरं त्याच शेकावर वाढवली. कुणाला काय झालं न्हाई. मग माज्याच लेकीला का?"

मंदाकिनीबाई त्यांच्या शेजारी बसल्या. या वेळी त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

"सोजरबाई, तुमचं जुनं घर कसं होतं? निजल्यावर वर काय दिसायचं?"

"कौलं. फटीतनं चांदणं दिसायचं."

"त्या फटींतून हा वायू निघून जायचा. दाराच्या फळ्यांतून वारा यायचा. आता वर स्लॅब आहे, खिडक्यांना काच आहे, आणि उरलेल्या फटी तुम्ही स्वतःच्या हाताने बुजवल्यात. घर बदललं, शेगडी तीच राहिली. तुमची माया खोटी नाही. फक्त घर बदललं हे कुणी तुम्हाला समजावून सांगितलं नाही."

सोजरबाईंनी तोंडावरचा पदर बाजूला केला. मग हळूच म्हणाल्या, "माजी जाऊ हुती, सरुबाई. बाळंत झाल्यावर नवव्या दिवशी खोलीतच गेली. पाऊसकाळ हुता, सगळं घर बंद. लोक म्हनले, बाहेरची बाधा झाली..."

सरुबाई कशाने गेली हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. पण तो प्रश्न तीस वर्षांत पहिल्यांदाच विचारला गेला होता.

हिंदुराव पुढे आला. "मामी, मी तुमच्यावर ओरडलो. माफ करा."

"तुमी रविवारीच का न्हाई वराडला, पाव्हणं?" सोजरबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "तवाच वराडायला पायजे हुतं!"

हिंदुराव आत शकूच्या खाटेपाशी गेला. शकूने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. त्याने तिला पेल्यामागून पेला पाणी पाजलं. दूध यायचं तर आईच्या पोटात भरपूर पाणी हवं, हेही त्याला त्याच दिवशी नर्सकडून कळलं. बाळाला ऊब द्यायला आईच्या छातीसारखी जागा नाही, अंगाला अंग लावून वरून पांघरूण घालायचं, डोक्याला टोपडं आणि पायांत मोजे, बस. हेही त्याने नर्सला दोन-दोनदा विचारून घेतलं. रजा टाकून तो आठवडाभर धायरीला राहिला. तो बाळाचे लंगोट वाळत घालत होता तेव्हा शेजारचे सर्जेराव म्हणाले, "काय जावई, बाळंतीण कोण, तुम्ही का ती?" हिंदुराव म्हणाला, "ती बाळंतीण आहे, काका. पण बाप मीच आहे ना?"

बारसं महिनाभर उशिरा झालं. घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. पाळण्याभोवती बायका जमल्या, तेव्हा सोजरबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. गावात मान असलेली ती बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "नाव ठिवायच्या आदी माजी चूक ऐका. ही पोर माज्या हातनं मरत हुती." आणि त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. दाराची घोंगडी, फटीतल्या चिंध्या, मंदाकिनीबाईंना बोललेले शब्दसुद्धा. बायकांत चुळबूळ झाली. भावकीतल्या भैरूची सून सातव्या महिन्यात होती. तिने आपल्या सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "आमच्याकडं बी स्लॅबच हाय गं."

मग सोजरबाईंनी मंदाकिनीबाईंचा हात धरून त्यांना पुढे आणलं. "नाव ह्या ठेवतील. हिचा गेलेला श्वास म्या न्हाई, ह्यांनी परत दिला."

मंदाकिनीबाईंनी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, "श्यामला", आणि मग त्यांना एकदम कढ आवरेना.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांतली माणसं वाईट नसतात. बाळंतिणीला कोंडणारे हात तिच्यावर जीव टाकणारेच असतात. म्हणूनच त्यांना अडवणं अवघड जातं. पण ज्या रूढीची आपण बाळाच्या जिवावर परीक्षा घेतो, तिची परीक्षा आधी डोक्याने घ्यायला नको का? बंद खोलीत निखारे ठेवू नका. बाळंतीण डोकं दुखतं म्हणाली तर तिचं ऐका; तिला मोकळी हवा द्या, पाणी द्या, डॉक्टरांना दाखवा. आणि बाळाच्या बापांनो, बायकांच्या गोष्टी म्हणून बाहेर येरझाऱ्या घालू नका. तुमच्या मनाला जे टोचतंय ते त्याच दिवशी, त्याच घटकेला बोला. हिंदुरावला तीन दिवस उशीर झाला, आणि तरी त्याची मुलगी वाचली. प्रत्येकाला तीन दिवस मिळतीलच असं नाही.