अर्धा कोयता

जनहिताच्या वकिलीची फेलोशिप मिळाली तेव्हा आम्हा बारा तरुण वकिलांना पुण्यात पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. पहिल्या दिवशी पक्षकाराचं ऐकायचं कसं ते शिकवलं. दुसऱ्या दिवशीही तेच शिकवलं, कारण पहिल्या दिवशी सगळे बोलतच होते. शेवटी प्रत्येकाला एक जिल्हा आणि एक मार्गदर्शक मिळाला. मला बीड मिळालं, म्हणजे जिथून आले तिथेच परत पाठवलं. मार्गदर्शक पुण्याचे अभिमन्यू सर. माणूस भला. प्रत्येक अर्ज आधी त्यांना दाखवायचा, असा नियम होता.

माझी पहिली पक्षकार लिंबागणेशची मंगल. ऊसतोड करायची. नवरा वारला, तसं त्याच्या नावाचं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्रही गेलं. मंगलला ते स्वतःच्या नावाने हवं होतं. ते असलं की आई उसाला गेल्यावर मुलीला वसतिगृहात राहता येतं. मुलगी दिपाली तेरा वर्षांची, आठवीत. टोळीची गाडी निघायला वीस दिवस होते. तोवर कार्ड झालं नाही तर शाळा सोडून आईबरोबर उसाच्या फडात.

आमच्याकडे ऊसतोडीला नवराबायकोची जोडी जाते आणि त्या जोडीला एक कोयता म्हणतात. माणसं दोन, कोयता एक. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दिंद्रुडचे माझे आईवडील चौदा वर्षं एक कोयता होते.

मी अर्जात लिहिलं, ‘अर्जदार या अर्धा कोयता आहेत.’

सरांनी लाल अक्षरांत दुरुस्ती केली, ‘अर्जदारांकडे अर्धा कोयता आहे.’ बाजूला टीप होती, ‘माणसाला अवजार म्हणू नये. पक्षकाराचा सन्मान!’

हे चूक आहे हे मला कळत होतं. ‘सर, आमच्याकडे असंच म्हणतात,’ एवढं फोनवर सांगायचं होतं. पण ‘आमच्याकडे’ म्हणायची मला लाज वाटली. पुण्यात पाच दिवस मी तोंडातलं ‘न्हाई’ गिळून ‘नाही’ म्हणत होते. दुरुस्ती मान्य केली आणि अर्ज देऊन टाकला.

बारा दिवसांनी ओळखपत्रं देणाऱ्या कार्यालयाचं उत्तर आलं. ‘अर्जदाराकडील कोयता अर्धा, म्हणजेच मोडका असल्याचे दिसून येते. शेती अवजारांबाबतची मागणी कृषी विभागाकडे करावी. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. त्यात मात्र एकही चूक नव्हती.

मंगलला वाचून दाखवलं तर ती पदर तोंडाला लावून हसली.

“ताई, माजा कोयता चांगला हाय की. कावून मोडका लिवला?”

चूक झाली, एवढंच मी म्हणाले. कुणाची ते सांगितलं नाही.

दुसरा अर्ज सरांना न दाखवता लिहिला आणि कार्यालयातल्या साहेबांसमोर नेऊन ठेवला. साहेब आमच्याच भागातले. त्यांनी वाचला आणि मान हलवली.

“असं सरळ लिवायचं ना, मॅडम. अर्धा कोयता म्हंजे काय, आमाला कळत न्हाई व्हय?”

“मग पहिल्या वेळी कळलं नाही?”

“कळलं होतं. पण लिवलंय ते वाचावं लागतं.”

कार्डाला पंधरा दिवस लागतील, असं साहेब म्हणाले. गाडी चार दिवसांनी होती. पहिला अर्ज धड लिहिला असता तर आतापावेतो कार्ड होत आलं असतं. हा हिशेब मी मंगलपुढे मांडला नाही.

कार्ड सोळाव्या दिवशी माझ्या हातात आलं. मंगलचा फोटो, मंगलचंच नाव. अभिमन्यू सरांनी आमच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं, ‘बीडमधलं पहिलं यश!’ अकरा जणांनी टाळ्यांचे हात पाठवले. मी मंगलला फोन लावला. ती फडात होती.

“मंगलताई, कार्ड आलं. वसतिगृहात जागा आहे अजून. दिपालीला पाठवून द्या.”

“आता कशी पाठवू, ताई? मुकादम अर्धा कोयता घ्यायला तयार नव्हता. म्हणला, जोडी पायजे. मग दिपालीलाच जोडीला घेतली. ती गेली तर मला बी काम न्हाई.”

“आणि तिची शाळा?” मी विचारलं.

“लई चपळ हाय पोरगी. आठ दिवसांत मोळी बांधाया शिकली,” मंगल म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. मला रडू आलं, आणि स्वतःचा इतका राग आला की कार्ड टेबलावर उपडं घालून ठेवलं.

“ताई, ऐकू येतंय का? कार्डावर काय लिवलंय?”

“तुमचं नाव. आणि अर्धा कोयता.”

मागे कुणीतरी तिला गाडी भरायला हाक मारत होतं.

“मग ते चुकलं की, ताई. आता आमी पुरा कोयता हाव. दिपालीचं बी नाव टाकून तेवढं दुरुस्त करून घ्या.”

मी बरं म्हणाले.