सातव्या गोष्टीचं शेवटचं पान

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. आजवर कोणी ठेवलेला नाही, आणि माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.

मी एक जुनं पुस्तक आहे. तुमच्या शाळेच्या कपाटात, फुटक्या पृथ्वीगोलाच्या मागं पडून असतो. आज गुरुजींनी कपाट आवरायला काढलं म्हणून आपली गाठ पडली. जरा जवळ सरका. मागं ती बाई जमीन सारवतेय, तिच्या ओल्या शेणात पाय घालू नका.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यातला, पण पोटातल्या गोष्टी अमेरिकेतल्या. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या, आणि सगळ्या लग्न झालेल्या बायकांच्या. त्या काळी तिकडं लग्न लागलं की बाईचं शेत, तिची गाय, तिच्या हातची कमाई, सगळं नवऱ्याचं व्हायचं. म्हणून माझ्या प्रत्येक गोष्टीत कोणी ना कोणी खिडकीशी उभी असते. बाहेर बर्फ पडत असतं आणि ती बघत असते.

तरुणपणी मी देखणा होतो बरं का. निळं कव्हर, त्यावर पांढरं घर. माथेरानला एका माकडानं मला पळवलं, झाडावर बसून तीन गोष्टी वाचल्या आणि चौथी आवडली नाही म्हणून परत आणून दिलं. हसताय ना? पाठीवर त्याचे दात उमटलेत, बघून घ्या.

पुढं मोहोपाड्याच्या कॉलनीत एका साहेबांच्या घरी मी काचेच्या कपाटात राहिलो. साहेबांची बदली झाली तेव्हा बाईंनी मला रद्दीत टाकलं. कारखान्यात काम करणाऱ्या सहदेवानं ती रद्दी उचलून आपल्या गावी आणली, खालापूरजवळ. फळीवरच्या डब्यांखाली अंथरायला कागद हवे होते. या गोष्टीला वीस वर्षं होत आली.

सहदेवाची बायको गोदा. तिनं मला फाडायला हातात घेतलं, एक ओळ वाचली, आणि उभ्या उभ्या दोन पानं वाचून काढली. ती बारावी पास होती. लग्नानंतर चार वर्षांत तिच्या हाती छापील असं काही आलंच नव्हतं.

मग दुपारी माझी बैठक भरू लागली. शेजारची ठकूबाई, एकटी विधवा, परातीत मोड आलेले वाल घेऊन यायची. गोदा वाचायची आणि तिच्या वाटचे वाल ठकूबाईच सोलायची. मधेच गोदाही चार दाणे सोले आणि त्याच बोटांनी पान उलटी. माझ्या पानापानावर ते डाग आहेत.

"नवऱ्यानं शेत घेतलं, मंग ती काय म्हनली?" ठकूबाई विचारी.

"काय नाय. खिडकीत उभी ऱ्हायली."

"आपल्यात तर खिडकी बी नाय गं. उभं ऱ्हायचं कुठं?"

दोघी हसायच्या. पाळण्यात गोदाची मालन, दीड वर्षाची, दचकून जागी व्हायची.

सातवी गोष्ट निघाली त्याच दिवशी पोस्टमन आला. गोदानं सहदेवाला न सांगता अर्ज केला होता, आणि पनवेलला मास्तरणीच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. तिनं पत्र माझ्यात ठेवलं आणि वाचत राहिली. गोष्टीतल्या बाईला शहरातून बहिणीनं बोलावलेलं असतं आणि नवरा ती पत्रं लपवतो. एका सकाळी बाई स्वतः घोडा जुंपते, फाटकापर्यंत येते, फाटकाच्या कडीवर हात ठेवते. तिथं पान संपतं.

गोदानं मला मिटलं.

"वाच की पुढं," ठकूबाई म्हणाली.

"आज नको. ती जाते का ऱ्हाते, ते कळलं की मला बी ठरवावं लागंल."

रात्री जेवताना तिनं सहदेवाला सांगितलं. सहदेव मारणारा नव्हता. आवाजही चढवायचा नाही. भाताचा घास कालवत म्हणाला, "जा की. कोन अडवतंय तुला? पोर मातर हितं ऱ्हाईल."

आता इथून माझा पराक्रम सुरू होतो. दुसऱ्या दिवशी सहदेवानं माझ्या त्या सातव्या गोष्टीचं शेवटचं पान टरकन फाडलं आणि चुलीत घातलं, बायकोला पुढचं कळू नये म्हणून. पण मी काय ऐकतोय? सोमवारी गोदा मालनला कडेवर घेऊन एसटीकडं निघाली. सहदेव मागं धावला. मी फळीवरून उडी मारली, त्याच्या पायात आलो, आणि तो असा आडवा झाला की उठेपर्यंत एसटी दिसेनाशी झाली. गोदा शिकली, मास्तरीण झाली. या घडीला कुठल्या तरी शाळेत फळ्यासमोर उभी असेल. मालनसुद्धा खूप शिकली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, पुस्तकाला जपा. ओल्या हातानं धरलंत तरी चालेल, पण पान फाडू नका. सहदेवानं फाडलं, आणि एका बाईला...

"खोटं."

सारवणारी बाई थांबली होती. मनगटापर्यंत हात शेणानं भरलेले.

"सहदेवानं नाय फाडलं. त्याला कुठं वाचाया येत व्हतं? मी फाडलं."

मुलं वळून बघू लागली. तिनं कोपरानं कपाळावरचे पिकले केस मागं सारले.

"आदी वाचलं, मंग चुलीत घातलं. ठकूबाईला सांगितलं, ती बाई घरी परत आली. ती म्हनली, बरं झालं गं. मंग दोघी वाल सोलत बसलो. सोमवारची एसटी गेली, तिचा आवाज आला घरात."

"मग खरं काय होतं त्या पानावर?" पुढं बसलेल्या मुलीनं विचारलं.

"गेली ती. कडी काढली नि बर्फातनं गेली." बाईनं बादलीत हात बुडवला. "तिला पोर नव्हतं गं. उठा, पाय काढा बगू. तेवढं सारवायचं ऱ्हायलंय."