माझ्या कडेचे दोन पोचे

"टोचली सुई, झालं गं काम,
डब्यात जाऊन करू दे आराम!"

हा खणखणीत आवाज पहिल्यांदा ऐकून कितीतरी वर्षं झाली, पण तो अजून माझ्या कानांत आहे. मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा ट्रे आहे, इंजेक्शनं मिरवणारा. नवा होतो तेव्हा माझ्यात बघून केस विंचरावेत असा लखलखत होतो. आता कडेला दोन पोचे आहेत. पण वॉर्डातल्या सर्वांत जुन्या परिचारिका, मोठ्या ताई, मला टाकू देत नाहीत. "आम्ही दोघं एकाच वर्षी कामाला लागलो," म्हणतात.

गाणं त्यांचंच. वापरलेल्या सुईवर रोग्याचं रक्त असतं, त्यातून हेपटायटिसची कावीळ होऊ शकते. म्हणून तिला टोपण परत लावायचं नाही, तशीच जाड डब्यात टाकायची. एवढं सगळं दोन ओळींत!

मग चिमणी आली. ही नवी परिचारिका. तोंडाला खळ नाही, म्हणून हे नाव. "उघडं काही ठेवू नये," ही तिच्या आईची शिकवण. एका सकाळी काविळीच्या आजोबांना इंजेक्शन देऊन ती सवयीने सुईला टोपण घालायला गेली. ते हुकलं आणि सुई हातमोज्यातून बोटात! तिने हात झटकला, मी खण्णकन खाली. हा माझा दुसरा पोचा. तिने साबणाने बोट धुतलं आणि गप्प राहिली. हेपटायटिसच्या लसीचा शेवटचा डोस 'उद्या घेते, उद्या घेते' करत राहिलाच होता. मी सांगितलं असतं हो, पण ट्रेला तोंड कुठलं?

आज चिमणी ठणठणीत आहे. त्याच दिवशी तिचं रक्त तपासलं, औषध आणि लस मिळाली. आता नव्या मुलींना ती तेच गाणं शिकवते, अगदी बेसूर! मित्रांनो, तुमची काळजी घेणाऱ्या हातांची तुम्हीही काळजी घ्या. कुणी चूक सांगायला आलं, तर आधी ऐका, मग ओरडा.

कारण त्या दुपारी ताई ओरडल्या नाहीत.

"काय गं, आज चिवचिव बंद?"

"डोकं दुखतंय, ताई."

ताईंनी मला उचललं. नवा पोचा पाहिला, मग माझ्या पहिल्या पोच्यावरून बोट फिरवलं.

"हा पोचा माझ्या हातून आलाय. कुणाला बोलले नाही कधी. तुझ्याएवढी होते, अशीच सुई टोचली. बोलणी बसतील म्हणून मूग गिळून बसले आणि पुढे चार महिने अंथरूण धरलं. टोचलं तर मी रागावत नाही गं. लपवलं तर मात्र रागावेन."

चिमणीने बोट पुढे केलं.

"ताई, मला सकाळी सुई टोचली."