ईडन प्रेरीच्या भिंतीवर टांगलेली किल्ली

मी एक जुनी लोखंडी किल्ली आहे, चांगली वीतभर लांब आणि कुणाच्या खिशात न मावणारी. माझं घर इटलीतल्या एका टेकडीवर आणि मी मात्र कितीतरी वर्षं अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात, एका मराठी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली. मित्रांनो, लोखंडाला कसली आलीय काळजी, असं म्हणाल तुम्ही. अहो, किल्लीला दुसरा उद्योग काय? दार नीट लागलंय ना, आत सगळं ठीक आहे ना, हाच घोर तिच्या जिवाला लागलेला असतो.

गावच्या लोहाराने मला भट्टीत घातलं, ठोकलं, घासलं आणि एका जाडजूड कुलपाच्या मापाची केलं. घर दगडी, तुळया चेस्टनटच्या लाकडाच्या, भिंतींना चुन्याचा गिलावा. वरच्या खोलीच्या छतावर कुणीतरी द्राक्षाची वेल रंगवली होती. त्या घराची एक रीत होती. भर थंडीतही ऊन पडलं की खिडक्या उघडायच्या, कारण दगड ओल धरतो आणि ती ओल बाहेर जायला वाट लागते. घरात कुणी नसलं तर मी शेजारच्या ब्रूनाकाकूंकडे असायची. त्या रोज येऊन वारा खेळवून जायच्या.

मग आला प्रल्हाद. मूळचा नागपूरचा, नोकरी मिनेसोटात. कंपनीच्या कामासाठी काही महिने इटलीत राहिला आणि २००२ साली त्याने चक्क हे घर विकत घेतलं.

"लोक नागपूरला फ्लॅट घेतात, यार," त्याची बायको यामिनी म्हणाली. "आणि तू हे पडकं घर घेतोस?"

"पडकं नाही गं, हिस्टॉरिक आहे."

हिस्टॉरिक होतंच. सरकारने जपणूक करायच्या वास्तूंत घातलेलं. दाराला, कुलपाला हात लावायचा तर परवानगी काढायची आणि ती मिळेपर्यंत वाट बघत बसायचं. माझी जोडीदारीण कधीच हरवली होती. म्हणजे ते दार उघडणारी जगात मी एकटीच.

दुसऱ्या वर्षी सुट्टी संपवून परत निघताना प्रल्हादने घराची थंडीची तयारी केली. मनापासून केली हो, पण मिनेसोटाच्या पद्धतीने! तिकडून बॅगेत भरून आणलेलं पारदर्शक प्लास्टिक प्रत्येक खिडकीला चिकटवलं आणि हेअर ड्रायरच्या गरम हवेने ताणून बसवलं. फटी बुजवल्या. धुराडंही बोळे कोंबून बंद केलं.

"परफेक्ट विंटराइझ झालं," तो हात झटकत म्हणाला. "आता वाऱ्याची झुळूकसुद्धा आत येणार नाही."

अरे बाबा, तेच तर नको होतं! पण किल्लीचं कोण ऐकतं? मी कुलपात अडकून बघत होते आणि माझा जीव तीळ तीळ तुटत होता. ब्रूनाकाकूंनी हात पुढे केला, किल्ली ठेवून जा म्हणाल्या. प्रल्हादला वाटलं, म्हातारीला कशाला त्रास द्यायचा? उन्हाळ्यात आपण येणारच आहोत. भिडेपोटी तो नको म्हणाला आणि मला बॅगेत टाकून घेऊन आला.

ईडन प्रेरीत माझं कोण कौतुक! पॉटलकला, म्हणजे आपापला पदार्थ घेऊन एकत्र जेवायला, येणारे पाहुणे मला हातात घेऊन "किती ऑथेंटिक!" म्हणायचे. दसऱ्याला लॅपटॉपच्या शेजारी मांडून यामिनीने मला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं. पूजा माझी आणि उपास घराला. बाहेर बर्फ पडायला लागलं की मला वरच्या खोलीतली वेल आठवायची आणि मी खिळ्यावर नुसती कुढत बसायची.

उन्हाळा आला आणि गेला, पण कुणी निघालं नाही. प्रल्हादने नोकरी बदलली होती, पासपोर्टवरचा व्हिसा संपला होता. ग्रीन कार्डची फाइल अडकलेली. वकील म्हणाले, आत्ता देशाबाहेर गेलात तर परत येताना अडकाल. पुढच्या उन्हाळ्यातही तेच. त्यानंतरच्याही.

मग एका शनिवारी सकाळी ब्रूनाकाकूंचा फोन आला. प्रल्हाद मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये बोलला, मग नुसता ऐकत राहिला. फोन ठेवून तो खुर्चीत बसला.

"काय झालं?" यामिनीने विचारलं.

"खिडक्यांच्या आतून पाणी ओघळतंय. भिंती काळ्या पडल्यात. त्या म्हणाल्या, आत हवाच जात नाहीये, असंच राहिलं तर तुळया कुजतील. मीच केलं गं हे."

त्याच दिवशी तो मला नक्कल करायला दुकानात घेऊन गेला. पण त्यांच्या यंत्रात मी बसलेच नाही. संध्याकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी.

"हिलाच काकूंकडे पाठवून देऊ," यामिनी म्हणाली.

"आणि वाटेत हरवली तर? मला तर जाताच येत नाही. त्या घराचं माझ्याकडे एवढंच आहे, यामिनी. हीसुद्धा दिली तर माझं काय राहिलं?"

"घर राहील," ती म्हणाली.

प्रल्हादने मूठ उघडून मला टेबलावर ठेवलं. मग स्वतःच उठून खोकं शोधून आणलं.

मित्रांनो, त्या खोक्यात मी किती घाबरले होते, काय सांगू! कुठे पडले, कुठे आपटले, कळायला मार्ग नव्हता. एकच विचार डोक्यात, फार उशीर तर झाला नसेल? शेवटी ब्रूनाकाकूंचे खरखरीत हात लागले. दार फुगलं होतं, मी फिरेना. त्यांनी तेल घातलं, खांदा लावला आणि मी फिरले.

वरच्या खोलीतली वेल गिलाव्यासकट अर्धी गळून जमिनीवर पडली होती. ती आता कुणीही परत लावू शकत नाही. तुळया मात्र तग धरून होत्या. काकूंनी एकेका खिडकीचं प्लास्टिक टराटरा फाडून काढलं.

आज २००८ साल उजाडलंय. प्रल्हादचं कार्ड अजून आलेलं नाही. दर रविवारी तो फोन करतो आणि स्वतःच्या घराची खुशाली शेजारणीला विचारतो. मित्रांनो, किल्ली आपल्या खिळ्यावर आहे म्हणजे घर सांभाळलं, असं नसतं हो. तुम्हाला जाता येत नसेल तर मला भिंतीवर मिरवू नका. जो रोज दार उघडेल, त्याच्या हातात द्या.