पोलवेनॉरची शेवटची हंडी

आमच्या पोलवेनॉरात मत त्याचं, ज्याची हंडी त्याच्या स्वतःच्या चुलीवर उकळते. रीत फार जुनी. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण समुद्राने घरंच गिळली. लोक टेकडीपलीकडे, हद्दीबाहेर गेले. उरली आमची एकच चूल. त्यामुळे पार्लमेंटात जाणारे दोन्ही खासदार माझा नवरा पास्को एकटाच निवडायचा. मेंढ्या पुष्कळ होत्या, पण त्यांना चूल नव्हती.

निवडणुकीला चूल दारात मांडून अंमलदारासमोर हंडी उकळावी लागे. होडी फुटल्यापासून पास्कोला एरवी कुत्रं विचारत नसे. त्या दिवशी मात्र रेशमी मोज्यांतले साहेब त्याला 'मिस्टर नान्स' म्हणत. तो छाती फुगवून उभा राही. हंडी उकळायचे मी.

यंदा मी हाताची घडी घालून दगडावर बसले.

"थॉमसिन, चूल पेटव."

"मत कुणाचं?"

"माझं."

"मग पेटव की तूच."

जन्मात काडी न लावलेला माणूस, नुसता धूर करत बसला. शेवटी सर फुल्क नावाचा उमेदवार गुडघे टेकून फुंकू लागला. अंमलदाराने बजावलं, तुमच्या फुंकरीने उकळली तर मतही तुमचंच. सर फुल्कने क्षणभर विचार केला आणि जास्तच जोरात फुंकलं. तेव्हा दुसऱ्या उमेदवाराने त्याला पाय धरून मागे ओढलं.

पास्को माझ्याजवळ आला. "हे मत गेलं तर माझ्या दारात कोण येईल गं?"

मी उठले, फुंकर घातली. हंडीत सलगम नाचू लागले.

अंमलदाराने नेहमीप्रमाणे शपथेवर विचारलं, हंडी कुणी उकळली? पास्को दर वेळी 'मी' म्हणायचा. या वेळी तो माझ्या काजळलेल्या हातांकडे बघत राहिला.

"हिने."

"नान्स, विचार करून बोला."

"आजवर विचार करूनच खोटं बोललो. हिने."

बाईला मत नाही, पास्कोला हंडी नाही. पोलवेनॉरातून पार्लमेंटात कोणीच गेलं नाही. लंडनात वर्षभर कुणाला पत्ताच नव्हता. लागला तेव्हा त्यांनी यादीतून गावाचं नावच खोडलं.

त्या दिवशी साहेब घोड्यांवर बसून निघून गेले. पास्कोने टोपी काढली.

"आता मी कोण गं?"

मी त्याच्या हातात डाव दिला.

"ढवळ," म्हटलं. "खाली लागेल."